दोन बोटांची भूमिती : पिंच झूम, ‘फिट टू पेज’ आणि एक्स-रेमध्ये मोठं दिसणारं हृदय

(ऐकायला वेळ नसेल तर हा भाग इथे वाचा. बोललेलं जवळपास तसंच ठेवलंय. फक्त आकडे नीट दिसावेत म्हणून थोडी मांडणी केली आहे.)

 

आज सुरुवात तुमच्या फोनपासूनच करू. गॅलरीतला कुठलाही ग्रुप फोटो उघडा. एका चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना दोन बोटं ठेवा आणि हळूहळू लांब न्या. चेहरा मोठा झाला ना? आता एक गोष्ट नीट बघा. दोन बोटांच्या बरोबर मधला भाग जागचा हललाच नाही. बाकी सगळं त्याच्यापासून दूर सरकलं. जे जवळ होतं ते थोडं सरकलं, जे लांब होतं ते जास्त सरकलं. पण चेहरा तोच राहिला, नाक लांबलं नाही, कान पसरले नाहीत.

याला गणितात डायलेशन म्हणतात. मराठीत सांगायचं तर एका ठरलेल्या बिंदूपासून सगळं एकाच प्रमाणात दूर नेणं किंवा जवळ आणणं. तो न हलणारा बिंदू म्हणजे केंद्र. आणि किती पट, तो आकडा म्हणजे गुणक. आज आपण त्याला ‘ग’ म्हणू. ग एकापेक्षा मोठा असेल तर आकृती वाढते, शून्य आणि एकच्या मध्ये असेल तर लहान होते.

दहावीच्या भूमितीत ‘समरूपता’ हे पहिलं प्रकरण आणि ‘निर्देशक भूमिती’ पाचवं. मधल्या काळात आपण पहिलं विसरतो. दोन्ही प्रकरणं एकत्र ठेवली की जे दिसतं, ते हे डायलेशन.

आधी सोपं : केंद्र आरंभबिंदूवर

एक त्रिकोण घ्या. कागद असेल तर काढाच. अ(२, १), ब(६, १), क(२, ४). अब ची लांबी ४, अक ची ३, आणि बक ची ५. पायथागोरसचा लाडका ३-४-५.

केंद्र आरंभबिंदूवर ठेवू आणि ग = २ घेऊ. काय करायचं? प्रत्येक निर्देशकाला २ ने गुणायचं. बस. नवे बिंदू : (४, २), (१२, २), (४, ८). बाजू मोजा : ८, ६, १०. सगळ्या दुप्पट. गुणोत्तर सगळीकडे सारखं, म्हणजे त्रिकोण समरूप.

आता चढ बघू. बक चा चढ (४ − १) भागिले (२ − ६), म्हणजे −३/४. नव्या बाजूचा चढ (८ − २) भागिले (४ − १२), म्हणजे −६/८, म्हणजे परत −३/४. बाजू लांबली, पण तिने दिशा सोडली नाही. प्रत्येक बाजू आपल्या जुन्या बाजूला समांतर राहते. म्हणूनच कोन बदलत नाहीत. ‘समरूप त्रिकोणांचे कोन एकरूप का असतात?’ याचं कारण पाठ करायची गरज नाही, ते इथे डोळ्यांना दिसतं.

दोन गोष्टी मात्र डायलेशन नाहीत, आणि मुलं इथेच घसरतात.

एक, प्रत्येक निर्देशकात ३ मिळवले तर? त्रिकोण नुसता सरकतो. आकार, माप काहीच बदलत नाही.

दोन, फक्त क्ष निर्देशक दुप्पट केला आणि य तसाच ठेवला तर? बिंदू होतात (४, १), (१२, १), (४, ४). बाजू ८, ३ आणि वर्गमूळ ७३. पहिल्या दोन बाजूंची गुणोत्तरं २ आणि १. समरूपता गेली. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर भाऊंचा फोटो चौकटीत बसवायला आडवा ताणलेला असतो ना, गाल रुंद आणि डोकं चपटं? तेच हे. कॉम्प्युटरवर फोटोचा कोपरा धरून ओढायचा असतो, मधली कड धरून नाही, त्याचं कारण एवढंच.

आता केंद्र हलवू

पिंच झूममध्ये केंद्र आरंभबिंदूवर नसतं. फोनच्या स्क्रीनवर आरंभबिंदू असतो वरच्या डाव्या कोपऱ्यात आणि य खाली जाताना वाढतो. तुमची बोटं मात्र स्क्रीनच्या मध्यावर कुठेतरी असतात. मग अॅप काय करतं? तीन पायऱ्या :

केंद्र वजा करा. ग ने गुणा. केंद्र परत मिळवा.

आकड्यांत बघू. बोटांचा मध्य (५००, ९००). फोटोतला एक बिंदू (६२०, ८४०). ग = १.५. आधी वजाबाकी : (१२०, −६०). गुणाकार : (१८०, −९०). परत मिळवा : (६८०, ८१०). बिंदू बोटांपासून थोडा लांब गेला, अगदी हवा तसा.

आता पहिली आणि तिसरी पायरी गाळली तर? (६२०, ८४०) थेट १.५ ने गुणलं की (९३०, १२६०). तुम्ही चेहरा बघायला झूम केलं आणि चेहरा उजवीकडे खाली पळाला! एखाद्या अॅपमध्ये झूम करताना फोटो असा निसटत असेल, तर समजा की आत कुठेतरी केंद्राचा हिशेब चुकलाय.

सूत्र एका ओळीत असं : नवा क्ष = ग × जुना क्ष + (१ − ग) × केंद्राचा क्ष. य साठीही तसंच.

आपल्या त्रिकोणात केंद्र अ वरच, म्हणजे (२, १) वर ठेवलं तर? अ जागीच राहतो. ब जातो (१०, १) वर, क जातो (२, ७) वर. बाजू परत ८, ६, १०. आधीच्या उत्तराशी ताडून बघा : (४, २), (१२, २), (४, ८). प्रत्येक बिंदूत फरक बरोबर (२, १) चाच. म्हणजे केंद्र बदललं तर आकृती फक्त दुसऱ्या जागी जाऊन बसते. आकार आणि माप ठरवतो तो ग. जागा ठरवतं ते केंद्र.

आणि भौमितिक रचनेतला तो प्रश्न आठवतो का, एक शिरोबिंदू सामाईक ठेवून समरूप त्रिकोण काढायचा? सामाईक शिरोबिंदू म्हणजे केंद्र, दिलेलं गुणोत्तर म्हणजे ग. तुम्ही कंपास घेऊन डायलेशनच करत होता, फक्त कुणी नाव सांगितलं नव्हतं.

एक छोटी गंमत. ग ऋण असेल तर? ग = −१ घेतला तर (२, १) जातो (−२, −१) वर. बिंदू केंद्राच्या पलीकडे जातो, आकृती उलटी होते. बारीक भोकाच्या खोक्यात पडद्यावर चित्र उलटं पडतं ते यामुळेच. भोक हे केंद्र, आणि प्रकाश त्यातून पलीकडे जातो.

क्षेत्रफळ : इथे पैसे जातात

लांबी ग पट झाली तर क्षेत्रफळ किती पट? ग नाही, ग चा वर्ग. आपला त्रिकोण ६ चौरस एकक होता, दुप्पट बाजूंचा झाला २४. चौपट.

फ्लेक्सचंच घ्या. २ × ३ फुटांचा फ्लेक्स, दर चौरस फुटाला २० रुपये धरू : १२० रुपये. ‘भाऊ, डबल साइज करून द्या’ म्हटलं आणि तो ४ × ६ चा झाला : ४८० रुपये. दुकानदाराने लुटलं नाही, वर्गाने लुटलं.

फ्लेक्सपर्यंत हे ठीक आहे. शेतापर्यंत आलं की गंमत संपते.

समजा गावाच्या नकाशाचं प्रमाण १ : ५००० आहे. म्हणजे कागदावरचा १ सेंमी म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. कागदावरचा १ चौरस सेंमी म्हणजे २५०० चौरस मीटर, म्हणजे २५ आर. एक हेक्टरचं शेत कागदावर ४ चौरस सेंमी दिसेल.

आता त्या नकाशाची पीडीएफ कुणीतरी व्हॉट्सअॅपवर पाठवली आणि तुम्ही झेरॉक्सच्या दुकानात ए-फोर कागदावर प्रिंट काढली. प्रिंटरमध्ये ‘फिट टू पेज’ चालू होतं, आणि कागदात बसवण्यासाठी त्याने सगळं ९० टक्के केलं. ग = ०.९. रेषा १० टक्क्यांनी आखूड झाल्या, नुसत्या डोळ्यांना कळतही नाही, कारण आकार तंतोतंत तोच आहे. समरूप आहे ना! पण क्षेत्रफळ झालं ०.८१ पट. ४ चौरस सेंमीचे उरले ३.२४. तुम्ही पट्टीने मोजून १ : ५००० ने हिशेब केला तर एक हेक्टरचं शेत ८१ आर निघेल. १९ आर कागदावरच गायब! अशा प्रिंटवरून धुऱ्याची भांडणं उभी राहू शकतात.

ग अगदी ०.९७ असला, तरी वर्ग ०.९४ च्या आसपास. सहा टक्के गेलेच.

उपाय नकाशावरच छापलेला असतो. चांगल्या नकाशावर प्रमाण दोन प्रकारे देतात : आकड्यात, आणि एका आखलेल्या पट्टीच्या रूपात. प्रिंट लहान-मोठी झाली की ‘१ : ५०००’ ही अक्षरं लहान होतात, पण त्यांचा अर्थ बदलत नाही. म्हणून ती खोटी ठरतात. पट्टी मात्र नकाशाबरोबरच आकसते, तिच्यावरही तेच डायलेशन होतं. म्हणून ती खरीच राहते. फोनवर झूम केलेल्या किंवा झेरॉक्स काढलेल्या नकाशावर आकडा वापरू नका, पट्टी वापरा. आणि वाद असेल तर दोन्ही बाजूला ठेवा आणि भूमी अभिलेख कार्यालयाकडून रीतसर मोजणी करून घ्या. प्रिंटवरची मोजणी पुरावा नसते.

हिंगणघाटला झोपलेला माणूस

नकाशाचा विषय निघालाच आहे तर आपल्या जिल्ह्यातली एक गोष्ट सांगतो. हिंगणघाटला विल्यम लॅम्ब्टन यांची कबर आहे. २० जानेवारी १८२३ ला नागपूरकडे जाताना तिथे त्यांचा मृत्यू झाला. हा माणूस म्हणजे भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा जनक. त्यांचं काम पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी चालवलं. हो, शिखराला ज्यांचं नाव दिलं तेच.

लॅम्ब्टन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ एक पायारेषा साखळीने मोजली, साधारण १२ किलोमीटर. खूप काळजीने. आणि त्यानंतर? त्यानंतर बहुतेक काम फक्त कोनांचं. पायारेषेच्या दोन टोकांवरून लांबची एक टेकडी बघायची, दोन्ही कोन मोजायचे. त्रिकोण ठरला, त्याच्या बाकीच्या दोन बाजू गणिताने काढायच्या. मग त्यातलीच एक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया. असं त्रिकोणाला त्रिकोण जोडत देश मोजत जायचं. थिओडोलाइट नावाचं त्यांचं कोन मोजायचं यंत्र जवळपास अर्ध्या टनाचं होतं.

आता यात समरूपता शोधा. कोन मोजून तुम्हाला काय कळतं? फक्त आकार. तेच कोन असलेले त्रिकोण हव्या त्या मापाचे काढता येतात, सगळे एकमेकांशी समरूप. मग खरं माप कोण सांगतं? ती एकच साखळीने मोजलेली पायारेषा. कोन आकार देतात, पायारेषा ग देते. भलंमोठं सर्वेक्षण, आणि त्याच्या मुळाशी दहावीचं पहिलं प्रकरण.

आणि याची भीतीही तीच. समजा साखळीत दर १०,००० मीटरला १ मीटर चूक झाली. तर पुढचं प्रत्येक अंतर त्याच प्रमाणात चुकेल, आणि कोन मात्र सगळे बरोबर येतील. कोन तपासून ही चूक कधीच सापडणार नाही, कारण चुकलेला नकाशा खऱ्या नकाशाशी समरूप असतो! मग करायचं काय? पुढे जाऊन दुसरी पायारेषा साखळीने मोजायची आणि गणिताने आलेल्या लांबीशी ताडून बघायची. लॅम्ब्टन यांनी १८०४ मध्ये बंगळूरजवळ अशी पायारेषा मोजली होती.

जाता जाता एक. हे सगळं सपाट कागदावर चालतं. पृथ्वी गोल आहे, आणि गोलावर खरं डायलेशन होतच नाही : त्रिकोण मोठा केला की कोनही वाढतात. ५० किलोमीटर बाजूंच्या समभुज त्रिकोणात तीन कोनांची बेरीज १८० अंशांपेक्षा साधारण साडेपाच सेकंदांनी जास्त भरते. एक सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. इतका बारीक फरकही त्या सर्वेक्षणात हिशेबात धरावा लागायचा.

आणि आता दवाखाना

सावंगीत राहून दवाखान्याचं उदाहरण न देणं शक्य नाही. आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयामुळे आपलं गाव विदर्भात सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे छातीचा एक्स-रे ही गोष्ट कुणाला नवीन नाही.

एक्स-रे म्हणजे सावली. नळीतल्या जवळपास एका बिंदूतून किरण निघतात, शरीरातून जातात आणि मागच्या पाटीवर सावली पडते. नळीचा तो बिंदू हे केंद्र. म्हणजे एक्स-रे हे डायलेशन आहे. ग = नळीपासून पाटीचं अंतर भागिले नळीपासून अवयवाचं अंतर.

छातीचा एक्स-रे दोन प्रकारे काढतात. पेशंट उभा राहू शकत असेल तर छाती पाटीला टेकवून, किरण पाठीकडून : याला पीए म्हणतात. नळी साधारण १८० सेंमी लांब असते. पेशंट अत्यवस्थ असेल, पलंगावर असेल तर पाटी पाठीखाली आणि किरण पुढून : हा एपी. तिथे नळी जवळ असते, १०० सेंमी धरू.

हृदय छातीत पुढच्या बाजूला असतं. हिशेबासाठी काही आकडे धरू : छातीची जाडी २४ सेंमी, हृदय पुढून ८ सेंमी आत, हृदयाची रुंदी १३.५ सेंमी, छातीची आतली रुंदी २८ सेंमी आणि ती बरोबर मध्यावर, म्हणजे १२ सेंमी आत. खरं गुणोत्तर १३.५ भागिले २८, म्हणजे ०.४८.

पीएमध्ये हृदय पाटीपासून ८ सेंमीवर. ग = १८०/१७२. सावली १४.१ सेंमी. छातीचा ग = १८०/१६८, सावली ३० सेंमी. गुणोत्तर ०.४७.

एपीमध्ये हृदय पाटीपासून १६ सेंमीवर. ग = १००/८४. सावली १६.१ सेंमी! छातीचा ग = १००/८८, सावली ३१.८ सेंमी. गुणोत्तर ०.५०५.

आता हे का महत्त्वाचं? मोठ्या माणसाच्या पीए एक्स-रेमध्ये हे गुणोत्तर ०.५ च्या वर गेलं तर ‘हृदय मोठं दिसतंय’ असं म्हणतात. हृदय तेच, माणूस तोच. एका फोटोत ०.४७, दुसऱ्यात ०.५०५.

पण थांबा. डायलेशनमध्ये गुणोत्तरं बदलत नाहीत असं मीच आत्ता सांगितलं ना? मग इथे कसं बदललं? कारण इथे ग एकच नाही. शरीराच्या प्रत्येक खोलीचा ग वेगळा. पाटीला समांतर असा एकच पातळ काप घेतला तर त्याची सावली त्याच्याशी समरूप असते. पण पूर्ण छातीची सावली पूर्ण छातीशी समरूप नसते. वेगवेगळ्या पटींनी मोठ्या झालेल्या कापांचा तो एकावर एक रचलेला ढीग असतो. समरूपतेची अट ‘सगळीकडे एकच ग’ ही आहे, आणि ती मोडली की गुणोत्तरावर भरवसा ठेवता येत नाही.

म्हणून घरच्या कुणाचा आयसीयूतला एक्स-रे हातात आला आणि हृदय मोठं वाटलं, तर गूगल करून रात्र जागून काढू नका. फिल्मच्या कोपऱ्यात एपी लिहिलंय की पीए, ते बघा आणि डॉक्टरांना विचारा. पेशंट झोपलेला असणं, श्वास पूर्ण न घेणं, यांनीही सावली मोठी दिसते. याचा अर्थ हृदय नक्की ठीकच आहे असाही नाही. ते डॉक्टरच सांगतील. पण प्रश्न कुठला विचारायचा हे तुम्हाला भूमितीने सांगितलं.

हाडांचे डॉक्टर यावर एक साधी युक्ती करतात. खुब्याचा सांधा बदलायच्या आधी एक्स-रे काढताना हाडाच्याच खोलीवर एक धातूची गोळी ठेवतात, समजा २५ मिमी व्यासाची. फिल्मवर ती ३० मिमी दिसली, तर ग = १.२. मग फिल्मवरच्या हाडाच्या मापाला १.२ ने भागायचं आणि कृत्रिम सांध्याचं माप ठरवायचं. नकाशावरची पट्टी आणि ही गोळी, काम एकच : जिचं खरं माप माहीत आहे अशी वस्तू चित्राबरोबरच मोठी-लहान होऊ द्यायची. फक्त गोळी हाडाच्याच खोलीवर हवी. वर-खाली ठेवली तर तिचा ग वेगळा आणि उत्तर चुकीचं.

घरचा अभ्यास

जाता जाता एक गणित. डायलेशनमध्ये अ(१, २) गेला (५, ४) वर आणि ब(३, २) गेला (११, ४) वर. ग किती, आणि केंद्र कुठे? आधी दोन्ही अंतरांवरून ग काढा. मग वरच्या एका ओळीच्या सूत्रात किमती घालून केंद्र काढा. उत्तर दुसऱ्या चरणात यायला हवं. पडताळा घ्यायचा असेल तर आलेखावर अ आणि नवा अ जोडा, ब आणि नवा ब जोडा, रेषा मागे वाढवा. दोन्ही जिथे भेटतील तेच केंद्र.

आणि आजपासून प्रिंट काढताना ‘अॅक्चुअल साइज’वर टिक आहे ना, ते एकदा बघत जा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार!